काकू, त्या सकाळी तुम्ही आलात म्हणून

काकूंना सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि बोलणं शेळ्यांच्या खुरांवर नेता. म्हणून आज चारचौघांसमोर लिहितेय. इथे टेक्सासमध्ये चार-सहा एकर घेऊन जनावरं पाळू बघणाऱ्या आणखी कुणाला याचा उपयोग झाला, तर तेही तुमचंच देणं.

मे महिन्यातली ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आधीच्या पंधरा दिवसांत पाच कोंबड्या गेल्या होत्या आणि त्या रात्री पांढरं करडू गेलं. लेकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं करडू ते. नवऱ्यानं मित्राकडे बंदुकीसाठी फोन केला होता. खाद्याच्या दुकानातला माणूस म्हणाला होता, पिंजरा लावा, कायोटी (इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) सापडला की गाडीत घालून लांब सोडून या. आणखी कुणीतरी मटणात विष घालायला सांगितलं होतं. खरं सांगते काकू, त्या संतापात मी तिन्हीला तयार होते.

तुम्ही आलात ते बादली आणि सुरी घेऊन. करडू कुशीवर वळवलंत आणि मानेची कातडी हलक्या हातानं सोलून मागे घेतलीत. वरून दोन-चार भोकांपलीकडे काही दिसत नव्हतं. आत मात्र श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना काळंनिळं रक्त साकळलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "जिवंतपणी गळा धरलाय. मेल्यावर कुणी खाल्लं असतं तर रक्त असं साकळलं नसतं. आणि मोकाट कुत्री असती तर मागचे पाय, कान, शेपटी, सगळं फाडून ठेवलं असतं." मग लेकीचा हात धरून तिला पाण्याच्या टाकीजवळच्या चिखलाकडे नेलंत. कायोटीचा ठसा अरुंद, लांबट, पुढची दोन नखं जवळजवळ. आमच्या कुत्र्याचा ठसा गोल आणि पसरलेला. रडून डोळे सुजलेली ती पोर खाली बसून बोटानं ठसे मापायला लागली. त्या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मग अंगणात खुर्ची घेऊन तुम्ही आमचे तिन्ही बेत एकेक करून खाली बसवलेत. विषाला कायद्यानं बंदी आहेच, शिवाय ते आधी खाणार शेजाऱ्यांची कुत्री, घारी, गिधाडं. जिवंत कायोटी पकडून दुसरीकडे नेणं टेक्सासमध्ये रेबीजच्या नियमामुळे गुन्हा आहे. १९८८ पासून दक्षिण टेक्सासमधल्या कायोटींमध्ये रेबीज कसा पसरला आणि १९९५ पासून विमानातून लशीची आमिषं टाकून तो कसा आटोक्यात आणला, हे मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. बंदुकीचं तुम्ही नाकारलं नाहीत. जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीला मारायची मुभा मालकाला इथे आहे, पण दहा एकरांपर्यंतच्या प्लॉटवर गोळी झाडायला काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, बंदी घालू शकते. म्हणून आधी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत विचारा, असं बजावलंत. आणि जोडी मारली तरी मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरी येते. खुराडं उघडंच राहिलं तर तीही तिथेच जेवणार, हेही सांगितलंत.

खुराडं खरंच उघडं होतं. आम्ही लावलेली षटकोनी कोंबडीजाळी तुम्ही नुसत्या बोटांनी ओढून वाकवून दाखवलीत. पुढचे तीन शनिवार तुम्ही आमच्याकडे राबलात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, आणि खालून उकरू नये म्हणून तीच जाळी दोन फूट बाहेर जमिनीवर अंथरून वर दगड. शेळ्यांभोवती विजेची जाळी आणि सोलरवरचं झटका मशीन. ती जाळी पहिल्यांदा उभी केली तेव्हा मला आजोळच्या माळावर उतरणाऱ्या धनगरांची वाघर आठवली. तीच मेंढरं मधे घालायची पद्धत, फक्त हिच्यात करंट. रात्री शेळ्या गोठ्यात बंद, कुत्र्याचं खाणं घरात, व्यायलेल्या शेळीची वार लगेच उचलायची आणि झाडाखाली पडलेली फळं रोज वेचायची. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, तसाच त्याचा हा भाऊबंद कायोटीही. ऑगस्टमध्ये त्याची विष्ठा काठीनं उकलून दाखवलीत, तर आत मेस्कीटच्या बियाच बिया. आपल्या वेड्या बाभळीच्याच जातीचं झाड ते.

राखणीचा मोठा कुत्रा आणायचा माझा हट्टही तुम्हीच मोडलात. ग्रेट पिरेनीज रात्रभर भुंकतो आणि आमचे शेजारी हाकेच्या अंतरावर आहेत, हे मला सुचलंच नव्हतं.

जूनपासून एकही जनावर गेलेलं नाही. कायोटी मात्र इथेच आहेत. गेल्या आठवड्यात अंधार पडल्यावर ओढ्याकडून कोल्हेकुई सुरू झाली. ऐकून वाटावं, दहा-बारा जण असतील. नवरा उठायला लागला तर लेक म्हणाली, "बाबा, आजी म्हणाली होती ना, दोघंच असले तरी आवाज बदलून बदलून ओरडतात म्हणून खूप वाटतात." मग तिनं टॉर्च घेतला, गोठ्याची कडी पाहिली, शेळ्या मोजल्या आणि येऊन झोपली. मेनंतर पहिल्यांदाच ती माझ्या कुशीत न येता स्वतःच्या खोलीत झोपली, काकू.

तुमची सुरी त्या दिवसापासून आमच्याकडेच राहिलीय. धार लावून ठेवलीय. रविवारी घेऊन येते.

तुमची,
ओढ्याकाठची लेक