नकार द्या, पण कारण लेखी द्या

संपादक महोदय,

जगभरच्या निर्वासितांना ठेवून घ्यायला भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ याचिकाकर्त्याला सुनावले. तेव्हापासून हा विषय निघाला की आमच्याकडे तेच वाक्य तोंडावर फेकले जाते. मान्य. पण धर्मशाळेतही खोली नाकारायला गल्ल्यावर कोणीतरी बसलेला असतो. आपल्याकडे निर्वासिताला नकार देणारा तो कोण, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. महादेव कोळी किंवा मन्नेरवारलू या अनुसूचित जमातीचा असल्याचा दावा जात पडताळणी समितीने फेटाळला की आपण काय करतो? आदेशाची प्रत घेतो, वकील गाठतो आणि औरंगाबाद खंडपीठात रिट टाकतो. समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाचा अहवाल विरोधात असेल तर त्याची प्रत अर्जदाराला द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे, हे सर्वोच्च न्यायालयात माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्येच ठरले. खंडपीठ कधी व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) द्यायला सांगते, कधी प्रकरण पुन्हा समितीकडे धाडते. हेलपाटे होतात, पोरांचे प्रवेश लटकतात, हे खरेच. तरी भांडायला हातात कागद असतो.

कॅनडात निर्वासिताच्या दाव्याचे असेच आहे. तिथल्या निर्वासित मंडळाने दावा फेटाळला तर बहुतेकांना त्याच मंडळाच्या अपील विभागात जाता येते. तिथेही नकार आला की १५ दिवसांत फेडरल कोर्टाकडे परवानगी मागायची. ती मिळाली तरी न्यायाधीश कोणाला निर्वासित ठरवत नाहीत. निर्णय वाजवी होता का, एवढेच पाहतात. नसेल तर दुसऱ्या सदस्यापुढे फेरसुनावणी.

आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचे सरकार बघते. म्यानमार, अफगाणिस्तानातून आलेल्यांचे दावे संयुक्त राष्ट्रांचे दिल्लीतले कार्यालय तपासते. तिथे नकार मिळाला तर अपीलही तिथेच, फक्त अधिकारी दुसरा. त्यापुढे उरते ते घटनेचे कलम २१, म्हणजे जीविताचा हक्क. त्याच्या आधारे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना संरक्षण दिले आणि १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकींना. २०२१ मध्ये मात्र जम्मूतल्या रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. म्हणजे सगळे त्या त्या खंडपीठावर. आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले होते. ते निर्वासित नव्हते, व्हिसा घेऊन आलेले होते. पण परदेशी माणसाचेही इथे ऐकून घेतले जाते, हे तेव्हा दिसले.

अपील दिले की खोटे दावेदार वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतील, असे म्हणतात. मला उलट वाटते. मुदत ठरलेली नाही, म्हणूनच एकेका स्थगितीवर प्रकरणे रेंगाळतात. २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यात हुडकणे आणि हाकलणे आहे. आश्रयाचा दावा ऐकणारे मंडळ नाही. शशी थरूर यांनी यासाठी खासगी विधेयक मांडून पाहिले, पुढे काही झाले नाही. आपल्या आठ जिल्ह्यांतल्या खासदारांपैकी कोणी निदान येत्या अधिवेशनात एवढे विचारावे: नाकारलेल्या माणसाला लेखी आदेश कोण देणार, आणि त्यावर किती दिवसांत, कुठे जायचे?

– एक निवृत्त शिक्षक, किनवट (जि. नांदेड)