घटनादुरुस्ती सुचवायचा हक्क कुणाला, हे पण छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

घटनादुरुस्तीची बातमी आली की सगळी चर्चा दोन तृतीयांश मतं जमतील का यावरच होते, पण दुरुस्ती मुळात मांडू कोण शकतं हे कुणी सांगतच नाही, आणि मला तर तोच मुद्दा मोठा वाटतो कारण जे मांडलंच गेलं नाही त्यावर मतदान होणार कुठून.

आपल्याकडे कलम 368 प्रमाणे विधेयक लोकसभा किंवा राज्यसभा, कुठेही आणता येतं, मंत्रीच पाहिजे असं नाही, साधा खासदारसुद्धा खासगी विधेयक मांडू शकतो आणि त्यासाठी राष्ट्रपतींची आधी परवानगी लागत नाही, हे चांगलंच आहे. पण राज्यांचं काय? ठराविक विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते खरी, पण म्हणजे राज्यांनी शेवटी फक्त हो-नाही म्हणायचं, सुरुवात करायचा हक्क त्यांना नाहीच. विधानसभेने एकमताने ठराव करून पाठवला तरी संसदेवर काही बंधन नाही.

अमेरिकेत 34 राज्यांनी मागणी केली तर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दुरुस्ती सुचवण्यासाठी स्वतःच्या बैठकीपेक्षा वेगळं असं खास अधिवेशन (कन्व्हेन्शन) बोलवावंच लागतं. आता खरं तर तिथल्या 27 च्या 27 दुरुस्त्या काँग्रेसनेच सुचवल्यात, हा रस्ता एकदाही वापरला गेलेला नाही, पण तो आहे याचाच धाक असतो. सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे (सिनेटचे) सदस्य, थेट लोकांनी निवडावेत ही मागणी सिनेट वर्षानुवर्षं अडवून बसलं होतं, मग एकामागून एक राज्यं अधिवेशन मागायला लागली तेव्हा कुठे ते हललं आणि 1913 ला 17वी दुरुस्ती झाली.

स्वित्झर्लंडमध्ये तर 1891 पासून लोकच सुचवू शकतात, 18 महिन्यांत 1 लाख सह्या गोळा केल्या की सार्वमत घ्यावंच लागतं, संसद फार तर स्वतःचा पर्यायी प्रस्ताव समोर ठेवू शकते. बहुतेक प्रस्ताव पडतात, पडू देत, विषय तर देशासमोर येतो ना.

इतक्या मोठ्या देशात सह्यांचा मार्ग मला धोक्याचा वाटतो, ज्याच्याकडे पैसा आणि माणसं तोच सह्या गोळा करणार. पण निम्म्या राज्यांनी सारखाच ठराव केला तर संसदेने त्यावर चर्चा आणि मतदान घेतलंच पाहिजे, एवढी तरतूद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. आणि तुम्हाला विनंती की पुढच्या घटनादुरुस्तीच्या बातमीत मतांच्या गणितासोबत ती सरकारने आणली की एखाद्या खासदाराने, आणि त्याआधी कुठल्या राज्याने ती मागितली होती का, हेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक