तोडणीचा दर तीन वर्षांनीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मजुरांअभावी ऊसतोड रखडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात दर हंगामात येतात. त्यांत कारखान्याचे अधिकारी बोलतात, फार तर एखादा शेतकरी. मीही ऊस पिकवणाराच. वाळवा तालुक्यात तीन एकर रान, त्यातले दोन एकर ८६०३२ जातीचा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस. गेल्या हंगामात कारखान्याच्या तोडणी पाळीपत्रकाप्रमाणे डिसेंबरात जायचा ऊस फेब्रुवारी उलटला तरी फडात उभा होता. तुरा आला, शेंड्याकडून दशी पडली, म्हणजे ऊस आतून पोकळ झाला, वजन घटले ते घटलेच. अखेर टोळी आली ती एकरी चार हजार ‘खुशाली’, म्हणजे दरावरचे जादा पैसे, कबूल केल्यावर. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची खेपेगणिक ‘एंट्री’ची चिरीमिरी वेगळी. त्या दिवशी मजुरांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. संध्याकाळी टोळीतल्या एका जोडप्याशी बांधावर बसून हिशेब मांडला, तेव्हा गप्प बसलो.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटनांचा करार होऊन ३४ टक्के वाढ मिळाली. तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. ऐकायला भरघोस. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. असा दिवसाला दोन टन ऊस गेला तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. पहाटे चारला फडात शिरायचे आणि गाडी रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. आमच्या गावात तण काढायला, भांगलणीला, बाईला ३०० आणि इतर कामाला गड्याला ५०० रुपये हजेरी आहे, आणि दुपारी दोनला माणूस घरी. गावातली पोरे कोयता का धरत नाहीत, याला आळस म्हणणारे पारावर पुष्कळ भेटतात. त्यांनी ही बेरीज एकदा करावी. बीडहून तोडणीला येणारा माणूस तरी कुठवर येत राहील? त्याचीही पोरे शिकली, पुण्यात कंपनीत लागली.

मुळात तो दरावर येतच नाही, उचलीवर, म्हणजे आगाऊ पैशांवर, येतो. पावसाळ्यात मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) कोयत्यामागे लाखभर घ्यायचे आणि सहा महिने फेडायचे. फिटले नाहीत तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. एक दिवस अंग दुखले, बाईला पाळीचा त्रास झाला, तर खाडा (गैरहजेरी) धरून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यामागे या खाड्याची भीतीही होती, हे त्यावेळी उघडपणे बोलले गेले.

उचलीने वाहनमालकही बुडतो. माझ्या पुतण्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, टोळी आणायला मुकादमाला नऊ लाख उचल मोजली. दिवाळीनंतर मुकादमाचा फोन बंद, टोळी दुसऱ्याच कारखान्यावर. पोलिसांत तक्रार केली, तारखा चालू आहेत. कारखान्याचे मात्र काही गेले नाही, कारण करार पुतण्याच्या नावावर. मजुराने बुडायचे, वाहनवाल्याने बुडायचे, शेतकऱ्याने वजनात मार खायचा आणि कारखान्याने म्हणायचे की मजूर मिळत नाहीत. (मुकादमाचे कमिशन मात्र त्याच करारात एक टक्क्याने वाढून वीस टक्के झाले.)

आता माझा मुद्दा. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करते. २०२३-२४ ला टनाला ३,१५० होती, पुढच्या वर्षी ३,४००, २०२५-२६ ला ३,५५०. त्याच तीन हंगामांत तोडणीचा दर ३६६ वर खिळलेला, कारण करारच तीन वर्षांचा. आमचा दर वर्षाला हलतो, तर तोडणाऱ्याचा का हलू नये? दोन्ही दर एकाच वेळी जाहीर करा.

यावर आमच्यातलेच काही जण कपाळाला आठ्या घालतील. एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे वाढ शेवटी शेतकऱ्याच्याच बिलातून जाणार. जाणारच. समजा टनाला पन्नास रुपये वाढले. मुकादमाचे वीस टक्के कमिशन धरून साठ. एकरी पंचेचाळीस टनांना २,७०० रुपये. मी खुशालीपोटी एकरी चार हजार दिलेच आहेत, तेही पावतीशिवाय, आणि त्यातले त्या जोडप्याच्या हातात किती पडले देव जाणे. कारखान्यांची अडचणही खोटी नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून वर्षानुवर्षे ३१ रुपये किलोवर अडकला. पण ती गाठ दिल्लीत सोडवावी, मजुराच्या पोटाला बांधू नये.

दुसरे, तोडणीचे पैसे मुकादमाकडे न देता नवरा आणि बायको दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर पंधरवड्याला जमा करावेत. काट्यावर टनाचा हिशेब लागतोच, स्लिप निघतेच. कठीण काही नाही. उचल द्यायची तर कारखान्याने स्वतः, नोंद करून द्यावी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून घ्यायचे ठरलेले आहे, तेव्हा मजुरांची यादी महामंडळाकडे असायलाच हवी. हार्वेस्टरला (ऊसतोड यंत्राला) सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केले, उत्तम. माझ्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते वळतही नाही.

कराराची मुदत २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचीच. पुढच्या वाटाघाटीत साखर संघ आणि मजूर संघटना असतील, नेते असतीलच. ज्याच्या बिलातून हे पैसे जातात त्याला अजून कुणी बोलावलेले नाही. आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती: मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत निघतात तेव्हा एखाद्या खोपीवर जाऊन विचारा की उचल किती घेतली होती आणि घरी किती घेऊन चाललात. तो आकडा छापा.

कळावे,
एक सभासद शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली