हेल्मेटवरचा लाल ओरखडा

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायचं होतं, पण समोर बसलं की तू ‘आय ॲम फाइन, बाबा’ म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मला अजून धड रागावता येत नाही. कुठे अडलास तर मला विचार, आईला नको. तिला अजून सगळं माहीत नाही.

शुक्रवारची अमेरिकन फुटबॉलची मॅच झाल्यावर तू हेल्मेट गॅरेजमध्ये ठेवलंस. त्याच्यावर कपाळाच्या जागी बोटभर लाल ओरखडा आहे. तुमच्या शाळेचा रंग निळा. म्हणजे तो रंग समोरच्या पोराच्या हेल्मेटचा. शनिवारी सकाळी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन तू डोळे मिटून बसला होतास. आजीचा व्हिडिओ कॉल आला तर म्हणालास, ‘फोनचा उजेड कमी करा ना.’ एरवी रात्री दोनपर्यंत त्याच फोनला चिकटलेला असतोस! मी तेव्हा काही बोललो नाही. चुकलं माझं.

तुला वाटतं बाबांना या खेळातलं काय कळतं. पहिली दोन वर्षं खरंच कळत नव्हतं. हातात धरायचा चेंडू आणि नाव फुटबॉल! पण तू लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, झालास आणि मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं. इस्लामपूरला मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचो. आमचे गुरुजी सांगायचे, चढाईला आलेल्याच्या डोळ्यांत बघू नका, डोळे फसवतात, कमरेकडे बघा. तुझा कोच तुला समोरच्या फळीतल्या गार्डच्या पायांकडे बघायला सांगतो. एकच विद्या आहे रे. आधी ओळखायचं, मग झेपावायचं.

म्हणून तर ल्यूक कीकली मला तुझ्याइतकाच आवडतो. आपल्या कॅरोलिना पँथर्सनी त्याला 2012 मध्ये नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतला, आणि पहिल्याच सीझनमध्ये 164 टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं. दुसऱ्या वर्षी अख्ख्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. हेल्मेटवर हिरवा ठिपका असलेला तोच, म्हणजे कोचचा आवाज त्याच्याच कानात. पण डाव सुरू करायच्या घड्याळावर, प्ले क्लॉकवर, 15 सेकंद उरले की तो आवाज बंद. पुढचं सगळं त्याचं स्वतःचं. तासन्‌तास फिल्म बघून आलेला असायचा. समोरचे उभे कसे राहिलेत यावरून डाव ओळखून आपल्या पोरांना ओरडून सांगायचा. मी ते बघून टाळ्या वाजवायचो तेव्हा तू ‘बाबा, अजून काहीच झालं नाहीये’ म्हणायचास. अरे, जे व्हायचं ते तिथेच झालेलं असायचं.

17 नोव्हेंबर 2016 आठवतोय? तू सात वर्षांचा होतास, गुरुवार होता, सकाळी शाळा होती तरी जागा राहिलास. सेंट्सविरुद्धची मॅच, चौथा क्वार्टर. कीकली पडला, आणि मग कार्टवरून नेताना टीव्हीवर दिसला. रडत होता. धाप लागल्यासारखा, लहान मुलासारखा. तू विचारलंस, ‘त्याला कुठे लागलं?’ मला सांगता येईना, कारण रक्त नव्हतं, हातपाय शाबूत होते. त्या सीझनचे उरलेले सहा सामने तो खेळला नाही. पुढच्या वर्षी गळ्यात ती कॉलर घालून उतरला, मानेच्या शिरा हलक्या दाबून डोक्यात रक्त जरा जास्त राहावं म्हणून. तरी ऑक्टोबरमध्ये ईगल्सविरुद्ध पुन्हा कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. 14 जानेवारी 2020 ला, 28व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. करार अजून बाकी होता, आदल्याच महिन्यात सातव्यांदा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली होती. व्हिडिओत त्याला धड बोलता येत नव्हतं. वेगाने आणि ताकदीने खेळायचं हीच एक पद्धत मला येते, आणि ती आता जमेल याची खात्री नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

त्याचाच 59 नंबर तुझ्या पाठीवर आहे. आणि आरशावर चिकटवलेले शब्द मात्र पँथर्सच्या जुन्या लाइनबॅकरचे, सॅम मिल्सचे: ‘कीप पाउंडिंग’, घाव घालत राहा. ते का लावलेत तेही मला माहीत आहे. आठवीत तुला एक जण म्हणाला होता, या उंचीला लाइनबॅकर होत नसतो. मिल्सही 5 फूट 9 इंचच. 1981 मध्ये त्याला कुणी ड्राफ्ट केला नाही, ब्राउन्स संघाने काढून टाकलं, कॅनडातल्या संघानेही ठेवलं नाही. मग शाळेत फोटोग्राफी शिकवत होता. तिथून उठून यूएसएफएल ही दुसरी लीग, मग सेंट्स, मग आपले पँथर्स. आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, ज्याच्या पायाशी काढलेला तुझा दात पडलेला फोटो आहे.

पण ते शब्द त्याने कधी उच्चारले? जानेवारी 2004, डॅलसविरुद्धच्या प्लेऑफच्या आधी. तेव्हा तो खेळाडू नव्हता, लाइनबॅकरांचा कोच होता आणि त्याला आतड्याचा कॅन्सर झाला होता. उपचार घेत तो पोरांसमोर उभा राहिला. म्हणजे ‘कीप पाउंडिंग’ हे डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाचं बोलणं आहे, ओजस. डॉक्टरला चुकवणाऱ्याचं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला, 45 वर्षांचा होता.

दर वर्षी सीझनच्या आधी आपण दोघं कन्कशनच्या माहितीच्या एका कागदावर सही करतो. यंदा तू न वाचता केलीस; मी वाचला. नॉर्थ कॅरोलिनात 2008 मध्ये हायस्कूलची दोन मुलं डोक्याच्या माराने गेली, म्हणून 2011 मध्ये या कागदामागचा कायदा झाला, त्यांच्याच आडनावांचा. त्यातल्या एकाला सरावात लागलं होतं. त्याच आठवड्यात तो शुक्रवारी पुन्हा उतरला.

आता माझं ऐक. तालुक्याच्या स्पर्धेच्या आधी माझा खांदा निखळला होता. मी लपवलं. आमच्यातल्या एका शहाण्याने पंच्याने आवळून बांधून दिला आणि ‘उतर’ म्हणाला. फायनल जिंकलो. वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हाताने का काढतो, ते तू कधी विचारलं नाहीस. खांद्याचं चालून जातं, दुसरा हात असतो.

खेळ सोड असं मी म्हणत नाही. आई म्हणेल, तिच्याशी तू बोल, मी मध्ये पडणार नाही. पण हा शुक्रवार नाही, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय पुढचाही नाही.

शाळेत दुखापती बघणाऱ्या ट्रेनरचा नंबर फ्रिजवर लावलाय. उद्या सकाळी आठपर्यंत तू फोन कर आणि पोह्यांपासून सगळं सांग. नाही केलास तर सव्वाआठला मी करतो.

तुझा,
बाबा