सिकलसेल नववीत, उत्क्रांती दहावीत

महोदय,

एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातील आनुवंशिकता आणि उत्क्रांती या पाठातून उत्क्रांती वगळली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध नोंदवला होता. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात हा विषय कायम आहे, आणि तो भाग दोनमधला पहिलाच पाठ आहे, याचे समाधान वाटते. मात्र पाठ पुस्तकात असणे आणि तो मुलांना उमगणे यांतले अंतर मी चंद्रपूर जिल्ह्यातील शाळांत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मुलाचे नाक आजोबांवर गेले, हे कोणत्याही घरात सहज मान्य होते. हाच नियम हजारो पिढ्यांना लावला की मात्र ‘मग आपण माकडापासून झालो का?’ हा प्रश्न येतो आणि वर्गात हशा पिकतो. चिंपँझी आपला पूर्वज नाही. त्याचा आणि आपला एक समान पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होता, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात, कारण पुढे संक्षिप्त उत्तरांचे प्रश्न वाट पाहत असतात.

वास्तविक आमच्या विदर्भातील मुलांना उत्क्रांतीचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे एएस पॅटर्न (जनुकाची एकच प्रत असलेला वाहक) आणि एसएस पॅटर्न (दोन्ही प्रती असलेला रुग्ण) हे शब्द त्यांना पुस्तकाआधी आरोग्य केंद्रात ऐकायला मिळतात. हिमोग्लोबिन या रक्तातील प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते आणि तेवढ्यानेच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. इथपर्यंत नववीत शिकवले जाते. पण इतका घातक जनुक पिढ्यानुपिढ्या टिकला कसा, हा खरा प्रश्न तिथे विचारला जात नाही. जनुकाची एकच प्रत असलेल्या बालकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून १९५४ मध्ये दाखवले. जिथे हिवताप मुलांचे बळी घेत होता, तिथे वाहक मुले अधिक संख्येने जगली, मोठी झाली आणि त्यांच्याबरोबर तो जनुकही पुढे गेला. हीच नैसर्गिक निवड. तो कोणाच्या पापाचा किंवा कुळाचा दोष नव्हे, हेही त्यातूनच कळते, आणि सोयरीक जुळवताना ज्या घरांत ही गोष्ट लपवली जाते, त्यांच्यासाठी हे कळणे लहान नाही.

मेंदूविषयीचा गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतच्या रांगेचे चित्र पाहून मुलांना वाटते की मेंदू वापरत गेलो म्हणून तो वाढत गेला आणि वाढलेला मेंदू मुलांना मिळाला. इथिओपियात १९७४ मध्ये जिचे जीवाश्म सापडले ती मानवसदृश ‘ल्युसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती, पण तिच्या जातीचा मेंदू चिंपँझीपेक्षा थोडासाच मोठा होता. म्हणजे चाल आधी आली, मोठा मेंदू फार नंतर. निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्यापेक्षा लहान नव्हता, तरीही तो मानव उरला नाही. ही रांग नव्हे, फांद्यांचे झुडूप आहे.

शिवाय आपला मेंदू जन्मतः अपुराच असतो. नवजात बाळाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतका असतो आणि त्याची बरीचशी वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत, आसपासची माणसे, बोलणे आणि आहार यांच्या संगतीत होते. भाषा शिकण्याची क्षमता जनुकांतून येते, भाषा येत नाही. मराठी घरातले बाळ तमिळ घरात वाढले तर अस्खलित तमिळच बोलेल. डॉक्टरांचा मुलगा जन्मतःच डॉक्टर, असे मानणाऱ्या पालकांनाही हा पाठ वाचायला द्यावा, असे मला अनेकदा वाटले आहे.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके तयार करताना मंडळाने सिकलसेल आणि नैसर्गिक निवड एकाच पाठात आणावी, माकड ते माणूस या रांगेचे ते चित्र काढून टाकावे आणि १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे सापडलेल्या प्राचीन मानवी कवटीचे छायाचित्र तिथे छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चंद्रपूर