आदूच्या रूमवरच्या स्पीकरसाठी

आदू बाळा,

तुझा मेसेज वाचला, की रूमवर तिघांनी मिळून मोठा स्पीकर घेतलाय आणि "आई तू ते जुनं हिप हॉप ऐकतेस ना, पोरं मागे लागलीयत, लिस्ट पाठव, फक्त नावं टाक". नुसती नावं पाठवून काय होतं ते मला चांगलं माहितीये, तुम्ही प्रत्येक अल्बममधलं एकेक गाणं लावणार, अर्धा मिनिट ऐकणार, कोणीतरी म्हणणार काय बोलतोय काही कळत नाही यार, आणि परत तुमची रील्समधली गाणी सुरू. म्हणून सविस्तर लिहितेय. ऑफिसात आज सर्व्हर डाऊन आहे, वेळच वेळ आहे.

तर पहिलं म्हणजे शब्दांच्या मागे लागू नका. सगळे सांगतात रॅप म्हणजे लिरिक्स, लिरिक्स समजून घ्या. मान्य आहे, पण आपण डोंबिवलीत वाढलेली माणसं, न्यूयॉर्कच्या क्वीन्स नाहीतर लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या गल्लीतली बोली आपल्याला पहिल्या फटक्यात कुठून कळणार! मला कॉलेजात ओ की ठो कळायचं नाही. न्यू जर्सीचा मामा कॅसेटी भरून आणायचा, त्या वॉकमनवर लावून लोकलमध्ये दाराशी उभी असायचे आणि डोक्यात जे शिरायचं ते बेस आणि ड्रम, शब्द मागाहून आले, काही तर आत्ता पन्नाशीत येतायत. म्हणून सांगते, बीटच्या (म्हणजे रॅपच्या मागे वाजणाऱ्या संगीताच्या) बाजूने आत शिरा, आणि रॅपर कोण हे बघायच्या आधी बीट कोणी केलीय ते बघा.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, हिप हॉपची सुरुवातच तिथून आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1520 सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने तिकीट लावून पार्टी ठेवली, कशासाठी तर शाळा सुरू होणार होती, नवीन कपड्यांना पैसे हवे होते. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, कूल हर्क. त्याच्या लक्षात आलेलं की नाचणारी पोरं गाण्यातल्या त्या तुकड्याची वाट बघत असतात जिथे गायक गप्प होतो आणि नुसता ड्रम वाजतो, ब्रेक म्हणतात तो. मग हा पठ्ठ्या एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावून तेवढाच तुकडा परत परत फिरवायचा. माइकवाले, म्हणजे रॅपर, मोठे झाले ते नंतर.

आता सुरुवात कुठून करायची तर 'द लो एंड थिअरी' हा अल्बम, ग्रुप अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, 1991. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. पहिलं गाणं 'एक्सकर्शन्स' लावा आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका. सुरुवातीला फक्त डबल बेस आहे, आर्ट ब्लेकीच्या जॅझ रेकॉर्डमधून उचललेला, तोच तुकडा गोल गोल फिरतोय, आणि त्यावर ग्रुपमधला रॅपर क्यू-टिप अगदी गप्पा मारल्यासारखा बोलायला लागतो, की "माझे वडील म्हणायचे हे तुमचं हिप हॉप ऐकून मला बीबॉपची (जुन्या जॅझची) आठवण येते". ड्रम अजून नाहीच. आणि मग येतो ड्रम. बस, तो ज्या क्षणी येतो ना तो क्षण ज्याला आवडला त्याला पुढचं सगळं आवडणार, आणि ज्याला नाही आवडला त्याला त्याच्या गाण्यांवर सुखाने राहू द्या, जबरदस्ती करू नका. याच अल्बममध्ये एका गाण्यात रॉन कार्टर स्वतः येऊन बेस वाजवून गेलाय, हा जॅझमधल्या दिग्गज माइल्स डेव्हिसच्या बँडमधला माणूस, म्हणजे नुसतं जुन्या रेकॉर्डमधून उचललं असं नाही, ज्यांच्या रेकॉर्ड उचलायचे ती पिढी पण येऊन बसली शेजारी. मोबाईलवर ऐकाल तर यातलं अर्धं ऐकूच येणार नाही, बेस आहे सगळा, म्हणून तर म्हटलं स्पीकर आणलाच आहे तर हा पहिला.

त्यानंतर न्यूयॉर्कचा रॅपर नास, त्याचा 'इलमॅटिक', 1994. हा तुम्ही ऐकला असेल, निदान नाव तरी, कारण जो तो हेच नाव घेतो. पण यावेळी बीट कोणाची ते बघत ऐक. डीजे प्रीमिअर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस., त्या काळचे न्यूयॉर्कचे एकाहून एक कारागीर एका विशीतल्या पोरासाठी जमले. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये प्रीमिअरने पियानोचा जो छोटासा काळोखा तुकडा लावलाय तो एकदा ऐकला की रात्री जिना उतरताना डोक्यात वाजतो. 'द वर्ल्ड इज युअर्स'मध्ये पीट रॉकने अहमद जमालचा पियानो घेतलाय, तो उलट एकदम उजेडाचा. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो, एक ओळ फालतू नाही. आणि 'लाइफ्स अ बिच' (नावच तसं आहे, मी काय करू) संपत आलं की जे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजतं ते नासच्या वडिलांनी वाजवलंय, ओलू दारा, स्वतः जॅझवाले. पोरगा काय काय बोलून मोकळा होतो आणि शेवटी बाप येऊन काही न बोलता नुसतं वाजवतो. मला ते दरवेळी लागतं बाबा, तुम्हा पोरांना कदाचित नाही लागणार. त्याच अल्बममधलं 'वन लव्ह' तर पत्रच आहे, तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं, शब्द वाचून ऐकायचंच असेल तर या गाण्यापासून करा.

आता थोडं हसू या. डे ला सोल या ग्रुपचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', 1989, प्रिन्स पॉलने बनवलेला. हा तुला ऐकायला मिळतोय हे नशीब समज, कारण 2023 च्या मार्चपर्यंत तो कुठल्याच स्ट्रीमिंग ॲपवर नव्हता. इतक्या ठिकाणहून इतके तुकडे उचललेले की हक्क कोणाचे आणि पैसे कोणाला हेच निस्तरेना. एका छोट्या तुकड्यावरून 'द टर्टल्स' या जुन्या बँडवाल्यांनी केस केली होती. मग 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरवरच्या अशाच केसचा निकाल लागला, जज साहेबांनी सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली, आणि तिथून पुढे विचारल्याशिवाय कोणाचा तुकडा वापरायची सोय राहिली नाही. तसे शेकडो तुकडे जोडलेले अल्बम मग परवडेनासेच झाले. डे ला सोलचं वाईट वाटतं ते यासाठी की अल्बम शेवटी ॲपवर आला त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्यांच्यातला डेव्ह, म्हणजे ट्रुगॉय, वारला. (यातल्या गाण्यांच्या मधली नाटकं बिनधास्त स्किप करा, त्या काळी प्रत्येकाला अल्बममध्ये नाटक करायचंच असायचं, एकदा ऐकली की पुरे.)

उचलाउचलीवरून आठवलं, आजीची गंमत तुला सांगितलीय का मी? तू लहान होतास. मी स्वयंपाकघरात 'अ‍ॅडिक्टिव्ह' लावलेलं, ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 2002 चं गाणं, आणि आजी पोळ्या लाटता लाटता थांबली, "अगं ही लता आहे!" म्हणाली. मी म्हटलं हो, 'थोडा रेशम लगता है', 'ज्योती' पिक्चर, बप्पी लाहिरी. आजी खूश नाही झाली हं, "विचारून घेतलं का त्यांनी" हा तिचा पहिला प्रश्न. नव्हतं विचारलं. डीजे क्विकने ती बीट केलेली, गाणं अमेरिकेत जोरात चाललं आणि मग प्रकरण कोर्टात, 2003 मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं बप्पीदांचं नाव टाकल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. माझं मत विचारशील तर आजी बरोबर होती, नाव द्यायलाच हवं, पण गाणं मला आजही आवडतं. आणि त्यात मध्येच जो भारदस्त आवाजात रॅप करतो तो रकीम. त्याचा आणि एरिक बी.चा 'पेड इन फुल', 1987, हा पण लिस्टमध्ये घे. रकीम सॅक्सोफोन वाजवायचा आणि ते त्याच्या रॅपमध्ये ऐकू येतं, ओळ जिथे संपेल असं वाटतं तिथे संपत नाही.

आता माझ्या सगळ्यात लाडक्यावर येते. जे डिला, डेट्रॉइटचा. त्याचा ड्रम ऐकताना आधी वाटतं काहीतरी चुकतंय, हा किंचित मागे पडतोय. बीट बनवायच्या मशीनमध्ये सोय असते सगळे ठोके सरळ रेषेत बसवून द्यायची, हा ती न वापरता हाताने वाजवायचा, जसा एखादा मुरलेला तबलजी मुद्दाम जरा रेंगाळतो आणि तरी समेवर बरोबर येतो. त्याचं ते मशीन आता वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. 'डोनट्स' ऐक, 31 छोटे छोटे तुकडे, रॅपर कोणीच नाही, म्हणजे शब्द कळत नाहीत ही तक्रारच संपली. हा अल्बम आला 7 फेब्रुवारी 2006 ला, त्याच्या 32 व्या वाढदिवसाला, आणि तीन दिवसांनी तो गेला. रक्ताचा दुर्मिळ आजार होता, ल्युपस होता, बराच काळ हॉस्पिटलमध्ये काढला, आणि तिथे त्याची आई त्याला रेकॉर्ड आणून द्यायची आणि सुजलेली बोटं चोळून द्यायची म्हणजे त्याला काम करता येईल. यावर मी जास्त लिहीत नाही. तू ऐक फक्त.

डिला आवडला तर 'मॅडव्हिलनी', 2004, मॅडलिबच्या बीट्स आणि लोखंडी मुखवटा घालून फिरणारा एमएफ डूम. यातल्या काही बीट्स मॅडलिबने ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून केल्या, तिथेच घेतलेल्या रेकॉर्डवरून, एक छोटं सॅम्पलर (रेकॉर्डचे तुकडे उचलून वाजवायचं मशीन) आणि हलवता येईल असा टर्नटेबल एवढ्या सामानावर. मोठा स्टुडिओ नाही म्हणून रडणाऱ्या तुझ्या त्या गिटारवाल्या मित्राला हे सांग जरूर. याच मॅडलिबने पुढे आपल्या हिंदी पिक्चरच्या रेकॉर्डवरून अख्खा अल्बम केला, 'बीट कंडक्टा इन इंडिया', तो घरी फोनवर मला वाजवून दाखव आणि गाणी ओळखायची पैज लावू, हरशील.

बाकीचं पटपट सांगते. डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक', 1992, आवाज म्हणून असा स्वच्छ अल्बम त्याआधी नव्हता, पण त्यात बायकांबद्दल जे काही बोललेत त्याने माझं डोकं फिरतं आणि मी तो पूर्ण ऐकत नाही. तुम्ही ऐका, पण ते ऐकून "त्या काळी चालायचं" असं म्हणू नका, त्या काळी पण बायकांना ते चालत नव्हतं. त्यावर उतारा म्हणून लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', 1998. पाच ग्रॅमी मिळाले एका रात्रीत, त्यात अल्बम ऑफ द इयर, हिप हॉपला पहिल्यांदा. त्यात तिने पोटातल्या बाळासाठी गाणं केलंय, 'टू झायन', गिटारवर कार्लोस सँटाना. त्याच वर्षी अटलांटाहून आउटकास्टचा 'अक्वेमिनाय' आला, तोपर्यंत न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस सोडून कोणी दक्षिणेकडे बघत नव्हतं. त्यातल्या 'स्पॉटी ऑटी'पासून सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या गाण्यात ट्रम्पेट वगैरे जे वाजतात ते रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून ऐकायचं.

केंड्रिक लमार तुम्हाला मी काय सांगणार, पण 'गुड किड, मॅड सिटी', 2012, कृपया शफल करू नका. ती एका दिवसाची गोष्ट आहे, कॉम्प्टनमधला पोरगा आईची व्हॅन घेऊन बाहेर पडलाय, आणि मध्येमध्ये आईवडिलांचे व्हॉइसमेल येतात, आई म्हणतेय गाडी परत आण, वडील ओरडतायत माझे डॉमिनोज कुठायत. शफल केलं की गाडी परत आली का नाही हेच कळणार नाही. आणि माझे व्हॉइस मेसेज डिलीट करत जाऊ नकोस, तुझा अल्बम निघाला तर उपयोगी पडतील.

आपल्याकडचं पण ऐका रे. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा, त्यांचं 'मेरे गली में' 2015 चं, म्हणजे 'गली बॉय' पिक्चर यायच्या बरंच आधीचं, धारावीचे डोपाडेलिक्झ. पण मी म्हणेन स्वदेशी या मुंबईच्या ग्रुपचं 'द वारली रिव्होल्ट' शोधा, 2019, आरेचं जंगल तोडायला विरोध चाललेला तेव्हाचं. आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात स्वतः गायलेत आणि एमसी मवाली मराठीत रॅप करतो. मराठीत आहे म्हणून कौतुक करत नाहीये मी, ऐकून बघ, भोईरांच्या गाण्याने बीटला नुसती बीट राहू दिलेलं नाही. अमरावतीचा सौरभ पण भारी आहे, 100 आकडा लिहून पुढे आरबीएच असं नाव लावतो तो, त्याच्या बोलीला एक ठसका आहे जो पुण्यामुंबईच्या पोरांना येणार नाही.

टुपाक की बिगी, नव्वदीतल्या या दोन रॅपरमध्ये मोठा कोण, हा वाद माझ्यापर्यंत आणू नका, तो मामा आणि मी पंचवीस वर्षांपूर्वी घालून झालाय.

खाली घरमालक राहतात म्हणालास ना, मग हे सगळं संध्याकाळी लावा, दहानंतर ईअरफोन. आणि तुझा तो वरंगलचा रूममेट आहे ना, त्याला विचार तेलुगूत चांगले रॅपर कोण आहेत, दोन नावं मला पाठव, मला एकही माहीत नाही. चिवड्याचा डबा रिकामा झाला असेल तर येताना आण, विसरू नकोस.

आई