पिंट्याला पत्र: बाबांचा बूथ, कादिरची गाय आणि काटोलची चक्की

नागपूर, नवतपा

प्रिय पिंट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी काटोल रोडवर होतो, रेंज जाऊन राहिली होती, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तू एकच विचारलंस, की आमच्या कंपनीत पैसे टाकायला तयार असलेल्या माणसाला मी नाही का म्हटलं. ते दोन वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं रे. आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत, कूलर फुल आहे तरी झोप येत नाहीये, म्हणून गच्चीवर येऊन टाइप करत बसलोय. लांबेल, पण सवडीने वाच.

बाबांचा एसटीडी बूथ आठवतो ना? महाल भागात गल्लीच्या तोंडाशी, पिवळी पाटी, काचेची केबिन, आत पंखा नाही, वर लाल आकडे पळायचे आणि बोलणं संपलं की छोट्या प्रिंटरमधून करकर करत चिठ्ठी यायची. रात्री अकरानंतर रेट पाव व्हायचा म्हणून खरी गर्दी तेव्हाच, आणि आपण दोघं दहावीची पुस्तकं घेऊन तिथल्या बाकावर. बांधकामावर आलेली छत्तीसगडची माणसं यायची, त्यांच्या गावात एका किराणा दुकानात फोन, तो पीपी नंबर, "बुलाके रखो, पंधरा मिनिट में फिर करते" आणि मग ती पंधरा मिनिटं ते त्या लाल आकड्यांकडे बघत उभे. ज्यांना नंबर वाचता यायचा नाही त्यांचे नंबर बाबांनी वहीत लिहून ठेवले होते, समोर नुसतं गावाचं नाव असायचं. आणि कोणाकडे वीसच रुपये असतील तर अठराला बाबा काचेवर टिचकी मारायचे, म्हणजे निरोप पूर्ण करता यावा.

ती रात्र तर तू विसरणार नाहीस. त्या मजुराला पलीकडचं ऐकूच येत नव्हतं, नुसता हॅलो हॅलो करत होता, शेवटी बाबांनी रिसीव्हर हातात घेतला, ऐकलं, आणि ठेवून दिला. मग त्याला बाहेर बाकावर बसवून पाणी दिलं आणि त्याचा बाप गेला हे त्याच्या शेजारी बसून सांगितलं. त्याला स्कूटरवर घालून स्टेशनला गेले, तिकीट काढून दिलं, आणि तोवर बूथ आपण सांभाळला. त्या कॉलचे पैसे बाबांनी घेतले नाहीत. मी पुढे इंजिनिअरिंग केलं, कोडिंग शिकलो, कंपनी काढली, पण फोन म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं असं आता वाटतं. वायर होतीच, पण निरोप पोचवला माणसाने.

हे इतकं स्पष्ट आधी दिसत नव्हतं. मध्ये मी इक्बाल कादिर नावाच्या बांगलादेशी उद्योजकाबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. १९७१ ला युद्ध सुरू होतं तेव्हा त्याच्या घरचे शहर सोडून खेड्यात राहत होते, हा असेल बारा-तेरा वर्षांचा. धाकट्या भावंडासाठी औषध आण म्हणून आईने दुसऱ्या गावाला पाठवलं. पोरगा सकाळभर चालला, पोचला तर औषधवाला जागेवरच नाही, मग दुपारभर चालत रिकाम्या हाताने परत. पुढे हा अमेरिकेत शिकला, न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या धंद्यात लागला आणि १९९३ मध्ये एक दिवस त्याच्या ऑफिसचं कॉम्प्युटर नेटवर्क बंद पडलं. सगळे हातावर हात ठेवून बसले. त्याला तो औषधाचा दिवस आठवला. जोडलेले नसू तर दिवस वाया जातो, मग ते न्यूयॉर्क असो नाहीतर खेडं. विचार कर, पडलेलं नेटवर्क आपण रोज बघतो, त्यातून बावीस वर्षांपूर्वीची पायपीट कितीजणांना आठवेल?

तेव्हा बांगलादेशात साधारण पाचशे माणसांमागे एक फोन, तेही बहुतेक शहरात. गरीब माणूस फोन कशाने घेणार, हा प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारला असणारच. त्याने उत्तर काढलं ते गायीवरून. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या मोहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेकडून बाई कर्ज घेते, गाय घेते, दूध विकते, हप्ता फेडते. मग गायीच्या जागी फोन का नको? बाईने कर्जावर मोबाइल घ्यावा, गावाला कॉल विकावा, त्यातून फेडावं. त्याने गणफोन नावाची कंपनी काढली, नॉर्वेच्या टेलिनॉर या फोन कंपनीला आणि ग्रामीण बँकेला सोबत घेतलं आणि २६ मार्च १९९७ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ग्रामीणफोन सुरू झालं. बांगलादेश रेल्वेची रुळांकडेने टाकलेली फायबर केबल बरीचशी पडून होती, तीच त्यांनी भाड्याने घेतली. हे वाचून मला फार आनंद झाला बे, आपण रेल्वेच्या गावचे ना.

आणि मग गावोगावी बाया. फोन घेऊन शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या, ढाक्याचा भाव विचारून देणाऱ्या, दुबईच्या पोराशी आईचं बोलणं करून देणाऱ्या. सगळ्या गावाला फोन मिळाला हे तर झालंच, पण त्याची मालकीण गावातलीच होती, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

आता आमचं सांगतो. आमचं ॲप तुला माहीत आहे, संत्र्याच्या झाडाचा फोटो काढायचा, मराठीत बोलून विचारायचं, ते रोग सांगतं आणि कळमना बाजाराचा आजचा भाव सांगतं. पहिल्या वर्षी आम्ही ते प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये टाकून दिलं. लोकांनी घेतलं, दोनदा उघडलं, सोडून दिलं. मी सहा महिने बटणांचे रंग बदलत बसलो होतो. मग काटोल तालुक्यातल्या एका गावात एकदम वापर वाढलेला दिसला, आणि सगळा एकाच फोनवरून. गेलो बघायला. बचत गटातली एक ताई, घरची चक्की आहे, लोक दळण घेऊन येतात, दळण होईस्तोवर ती त्यांच्या झाडाचे फोटो बघते, ॲपला विचारते, दहा रुपये घेते. आम्ही तिला काहीच शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी एक म्हातारे काका खोडाचा फोटो घेऊन आले, डिंक निघत होता. ॲप म्हणालं डिंक्या, खरवडून बोर्डो मलम लावा. बरोबर होतं. पण ताई म्हणाली, काका, मलम लावालच, पण पाणी खोडाला लागून राहिलं आहे तुमच्याकडे, मी मागच्या आठवड्यात तिकडून गेली तेव्हा पाहिलं न, दुहेरी आळं करा, नाहीतर पुढच्या वर्षी परत याल. काका हो म्हणाले. पिंट्या, माझ्या ॲपला ते शेत माहीत नव्हतं, तिला होतं. आणि काकांनी ऐकलं ते तिचं. मी चक्कीच्या त्या आवाजात उभा होतो आणि मला बाबांची काचेवरची टिचकी आठवली.

तर तो पैसेवाला. माणूस सज्जन होता, अभ्यास करून आला होता. त्याचं म्हणणं, ही मधली बाई काढा, शेतकऱ्याला थेट गाठा, त्याच्या बागेची माहिती आपल्याकडे जमा होईल, त्यावर कर्ज विकू, औषधं विकू. मी नाही म्हटलं. रात्रभर झोपलो नाही, कंपनीतल्या पोरांचे पगार डोळ्यासमोर होते, पण नाहीच म्हटलं.

तू फोनवर म्हणालास की बूथ पण शेवटी बंदच पडला ना. खरं आहे. २००३ ला इनकमिंग फ्री झालं, हँडसेट स्वस्त झाले आणि चार वर्षांत बाबांनी पाटी उतरवली. बांगलादेशातल्या त्या बायांचीही कमाई पुढे आटलीच. मला ते उलटं फिरवायचं नाहीये. नुसतं बोलायला, पैसे पाठवायला मधला माणूस कशाला हवा, यूपीआय २०१६ ला आलं आणि आज भाजीवाला पण वापरतो, चांगलंच झालं. पण आता हे जे एआय येऊन राहिलं आहे ते नुसतं निरोप नेत नाही, ते निर्णय सांगतं. कर्ज मिळेल की नाही, झाड काढायचं की ठेवायचं, आजारी आईला नागपूरला दवाखान्यात न्यायचं की थांबायचं. आणि मशीन चुकलं तर त्याला चुकलास म्हणणारं कोण असणार? एकटा माणूस त्याच्या मोबाइलसमोर? तो काही म्हणू शकत नाही. ताई म्हणू शकते, कारण गाव तिच्या बाजूने उभं आहे.

मला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अशी गावं बघायची आहेत जिथे हे मशीन गटाच्या मालकीचं असेल, कर्जावर घेतलेलं, फेडलेलं, गायीसारखं. बागांची माहिती गटाच्या नावावर, कंपनीला हवी तर तिने गटाच्या बैठकीत येऊन मागावी, भाव ठरवावा. त्यात मराठीसोबत गोंडी पण असावी. म्हातारीने बँकेचं पत्र घेऊन यावं आणि तिला ते शेजारी बसून वाचून दाखवणारं कोणी असावं, आणि त्या वाचणाऱ्या पोरीचं घर त्यावर चालावं, म्हणजे तिला पुण्याला कॉल सेंटरमध्ये जावं लागणार नाही. शहरातसुद्धा हेच हवं, आपल्या महालात हवं.

तर आता पुढचं. आम्ही या खरिपात बारा गावांत बारा गटांना टॅब देणार आहोत, फुकट नाही, हप्त्यावर. हिशोबाचा भाग माझ्याच्याने होत नाही, बँकेत तुझी वीस वर्षं गेलीत, हप्ता किती ठेवायचा म्हणजे ताईच्या हातात महिन्याला काही उरेल ते तू बसून काढून दे. पैसे नाही मागत, तुझे दोन रविवार मागतोय समज. मृग बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण दिलाय, पाऊस पडला की बागा फुलतील, तेव्हाच ये, चक्कीवर नेतो.

आणि हो, बाबांची ती नंबरांची वही काल ट्रंकेत सापडली. मधल्या एका पानावर तुझं अक्षर आहे, "डोंगरगढ, किराणा, रात्री ९ नंतर".

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू